कादुएंचे पवित्र वस्त्र: कॅथारांचा संशय आणि काठावर विणलेले खलिफाचे नाव

मध्ययुगीन ख्रिस्ती अवशेषांचा (येशू व संतांशी जोडलेली, पूजली जाणारी हाडे, कपडे वगैरे) विषय निघाला की चर्चा दोन-चार प्रतिसादांतच तुरिनच्या वस्त्राकडे (येशूचे कफन मानले जाणारे, आकृती उमटलेले कापड) वळते, तिथून टेंपलर या साधू-योद्ध्यांच्या संघाकडे जाते आणि शेवटी दक्षिण फ्रान्समध्ये पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथाच्या गुप्त खजिन्यापाशी येऊन अडते. हा धागा मुद्दाम दुसऱ्या एका वस्त्रासाठी काढत आहे. पाखंडी ठरवल्या गेलेल्या पंथांशी या वस्त्राचा संबंध खरोखरच आला, एकदा नव्हे तर दोनदा. मात्र दोन्ही वेळा तो हौशी संशोधकांच्या अपेक्षेपेक्षा अगदी वेगळ्या प्रकारे आला.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला पेरिगोर प्रांतात, दोर्दोन्य नदीच्या दक्षिणेस कादुएं नावाचे लहानसे गाव आहे. तिथला मठ 1115 साली जेरो द साल या तपस्व्याने स्थापला आणि चारच वर्षांत तो सिस्टर्शियन या कॅथलिक साधूंच्या संघात दाखल झाला. येशूला थडग्यात ठेवताना त्याच्या मस्तकाभोवती गुंडाळलेले कापड आपल्याकडे आहे, असे हा मठ शतकानुशतके सांगत आला. कापड लिननचे असून सुमारे 2.8 मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या टोकांना रंगीत रेशमाचे नक्षीदार पट्टे आहेत. (केवळ मस्तकासाठी एवढे कापड जरा जास्तच होते, पण श्रद्धेच्या बाबतीत गजपट्टी घेऊन कोणी बसत नाही.) तुरिनच्या वस्त्रासारखी यावर कसलीही आकृती नाही.

मठाची आख्यायिका अशी की, पहिल्या धर्मयुद्धात पोपचा प्रतिनिधी असलेला ल पुईचा बिशप आदेमार याला हे वस्त्र अँटिओकमध्ये मिळाले. आदेमार 1 ऑगस्ट 1098 रोजी तिथेच वारला. वस्त्र पुढे पेरिगोरच्या एका पाद्र्याकडे आले, त्याने ते पिंपात लपवून मायदेशी आणले, आपल्या छोट्या चर्चमध्ये ठेवले, आणि त्या चर्चला आग लागली तेव्हा कादुएंच्या साधूंनी ते आपल्या मठात नेले. अवशेषांच्या कथांमध्ये आग, चोरी आणि सुटका हे प्रसंग नेहमीचेच असल्यामुळे तपशिलांवर फार भिस्त ठेवता येत नाही. तरीही अँटिओक हे ठिकाण आणि 1098 हे साल लक्षात ठेवावे, कारण पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

आता कॅथारांकडे येतो. या वस्त्राच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत 1214 सालचे एक दानपत्र येते आणि दाता आहे सिमों द मोंफोर, म्हणजे कॅथारांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनापती. 1209 साली बेझिए शहरातील कत्तलीने सुरू झालेले हे युद्ध 1214 च्या शरद ऋतूत पेरिगोरपर्यंत पोचले होते. दोम, कास्तेलनो, बेनाक हे दोर्दोन्यकाठचे किल्ले सिमोंने त्या मोहिमेत घेतले. तिथला प्रमुख सरदार बेर्नार द काझनाक आणि त्याची पत्नी यांच्याबद्दल सिस्टर्शियन इतिहासकार पिएर दे व्हो-द-सेर्ने याने लिहून ठेवले आहे की, त्यांनी हातपाय तोडलेली आणि डोळे फोडलेली दीडशे माणसे सार्लाच्या मठात आश्रयाला होती. हा लेखक सिमोंच्या पक्षाचा असल्याने आकडा आणि क्रौर्य दोन्ही सावधपणे घ्यावे लागते. पण त्या परिसरात कादुएंचा मठ कोणत्या बाजूला उभा होता, याविषयी शंका उरत नाही. कॅथारांविरुद्ध प्रवचने देणारे आणि पोपचे प्रतिनिधी म्हणून युद्धाला धार देणारे लोक बहुतांशी सिस्टर्शियनच होते. बेझिएच्या वेळचा पोपचा प्रतिनिधी आर्नो आमालरिक हा तर सितोच्या मूळ मठाचा प्रमुख होता. अशा संघाच्या मठातील वस्त्राला सेनापतीने दान देणे हे भक्तीचे काम होतेच, शिवाय नुकत्याच जिंकलेल्या मुलखात आपले माणूस आणि आपले देवस्थान पक्के करण्याचेही होते.

म्हणून "कॅथारांनी हे वस्त्र जपले", "त्यांच्या गुप्त परंपरेतून ते आले" अशी विधाने वाचली की नवल वाटते. ज्यांना कॅथार म्हटले गेले त्यांच्यावरील आरोप आणि त्यांच्या तोंडचे म्हणून नोंदवलेले जबाब पाहिले तर त्यांचा मूळ मुद्दा असा दिसतो की, दृश्य जड सृष्टी ही दुष्ट तत्त्वाची निर्मिती आहे आणि ख्रिस्ताने खरे मांसाचे शरीर कधी धारण केलेच नाही. शरीरच नाही तर दफन कशाचे, आणि दफन नाही तर कफन कशाचे? क्रूस, हाडे, कपडे यांची पूजा त्यांना हास्यास्पद वाटे. उलट, देवाचे शरीर खरे होते, ते गुंडाळले गेले, त्याचा स्पर्श झालेले कापड हे पाहा, असे सांगणारे प्रत्येक वस्त्र त्यांच्या मताचे खंडन करणारे होते. पेरिगोरमध्ये 1214 साली या कापडाचे वजन त्यामुळेच वाढले असावे, असे माझे मत आहे.

पुढची कथा थोडक्यात. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांच्या भीतीने 1392 साली वस्त्र तुलूजला हलवले गेले. गंमत म्हणजे 1218 मध्ये सिमों ज्या शहराच्या वेढ्यात दगड लागून मेला तेच हे तुलूज. तुलूजकर ते परत देईनात, म्हणून 1455 मध्ये कादुएंच्या साधूंनी ते चक्क पळवून नेले. 1644 साली सार्लाच्या बिशपने चौकशी करून ते खरे असल्याचा निर्वाळा दिला. क्रांतीच्या काळात गावच्या मेयरने ते लपवून वाचवले आणि 19व्या शतकात यात्रा पुन्हा भरू लागली.

मग 1930 च्या दशकात फ्रांसेझ नावाच्या जेझुइट पाद्र्याने त्या नक्षीदार पट्ट्यांचा अभ्यास हाती घेतला. ज्याला सारे नक्षी समजत होते त्यात कुफी वळणाची अरबी अक्षरे होती. कैरोच्या अरब संग्रहालयाचे संचालक गास्तों वीएत यांनी मजकूर लावला: अल्लाहशिवाय दुसरा देव नाही, मुहंमद हा त्याचा प्रेषित, अली हा अल्लाहचा वली (निकटवर्ती), आणि पुढे खलिफा अल-मुस्तअली व त्याचा वजीर अल-अफदल यांची नावे. अल-मुस्तअली 1094 ते 1101 या काळात कैरोच्या फातिमी गादीवर होता. म्हणजे वस्त्र इजिप्तच्या सरकारी विणकामाचे आणि 11व्या शतकाच्या अगदी अखेरचे. पेरिग्यूच्या बिशपने 1934 साली यात्रा बंद केली.

इथे दुसरा संबंध येतो. फातिमी हे इस्माइली शिया. बगदादच्या अब्बासी खलिफाने 1011 साली जाहीरनामा काढून त्यांची वंशावळ खोटी ठरवली होती. त्या दरबाराच्या लेखी कैरोची गादी म्हणजेच पाखंड. त्यातही अल-मुस्तअलीचे नाव साधे नाही. त्याचा बाप अल-मुस्तन्सिर 1094 मध्ये वारला तेव्हा थोरला मुलगा निझार हयात असताना वजीर अल-अफदलने धाकट्याला, म्हणजे आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, गादीवर बसवले. निझारने अलेक्झांड्रियात बंड केले, ते मोडले गेले आणि निझार कैदेत मारला गेला. आलमूत किल्ल्यावरील हसन-ए-सब्बाहने निझारचा पक्ष धरला आणि इस्माइली जगात कायमची फूट पडली. कादुएंच्या वस्त्रावर ज्या दोघांची नावे शेजारी शेजारी विणली आहेत, त्या दोघांनीच ही फूट घडवली होती.

जाणकारांनी भर घालावी.

प्रतिसाद: बखरवाचक

लेख उत्तम झाला आहे. एक सूचना करतो. "कॅथार" हा शब्द आपण अगदी बिनधोक वापरतो, पण आर. आय. मूर आणि मार्क पेग यांच्यासारखे इतिहासकार गेली काही वर्षे असा प्रश्न विचारत आहेत की, तुलूजच्या मुलखात स्वतःचे बिशप आणि ठरलेले तत्त्वज्ञान असलेला असा एकसंध पंथ होता तरी का, की स्थानिक सज्जन माणसांना मान देण्याच्या जुन्या चालीवर विरोधकांनी ग्रंथांतून उचललेले पाखंडाचे साचे बसवले. हा वाद मिटलेला नाही. पण तो मान्य केला तर "कॅथार सिद्धांतानुसार वस्त्रपूजा अशक्य" हा आपला युक्तिवाद कमजोर होतो, कारण तो सिद्धांतच विरोधकांकडून आलेला असू शकतो.

दुसरे, मोंसेग्यूर या कॅथारांच्या गडावरील खजिन्याचे काय? 1244 मध्ये गड पडण्याआधी तिथून काहीतरी बाहेर नेले गेले, असे जबाबांत आहे ना?

प्रतिसाद: धागाकर्ता

बखरवाचक, आपला पहिला आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी "ज्यांना कॅथार म्हटले गेले" अशी शब्दयोजना केली. तरीही निष्कर्ष बदलत नाही असे मला वाटते. पंथ एकसंध असो वा विरोधकांनी घडवलेला असो, सिमों आणि सिस्टर्शियन साधू ज्या शत्रूशी लढत होते त्याचे मत काय, याची त्यांची स्वतःची कल्पना पक्की होती आणि वस्त्राचा उपयोग त्या कल्पनेविरुद्ध झाला. समोर खरोखर कोण होते हा प्रश्न त्यामुळे थोडा वेगळा राहतो.

याच काळातले दुसरे एक उदाहरण देतो. आजच्या बेल्जियममधील वान्यी येथील मारी ही साध्वी 1213 साली वारली. तिचे चरित्र जाक द व्हित्री या धर्मोपदेशकाने लिहिले आणि ते तुलूजच्या बिशपला अर्पण केले. पाखंड्यांना चोख उत्तर म्हणून खऱ्या स्त्रीसंतांची उदाहरणे प्रवचनांत वापरता यावीत, हा हेतू उघड होता. जाकने तिचे बोट चांदीच्या डबीत घालून गळ्यात बाळगले आणि पुढे ते कार्डिनल उगोलिनोला दिले, कारण उगोलिनोच्या मनात देवनिंदेचे विचार येत आणि त्याला त्यापासून सुटका हवी होती. हाच उगोलिनो 1227 साली नववा ग्रेगरी म्हणून पोप झाला आणि पोपच्या थेट अधिकाराखालील इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या न्यायपीठांची, उभारणी त्याच्याच कारकिर्दीत झाली.

मोंसेग्यूरबद्दल: 16 मार्च 1244 रोजी तिथे दोनशेहून अधिक लोक जाळले गेले, आणि त्याआधी काही माणसे व द्रव्य बाहेर काढल्याचे जबाबांत येते हे खरे. त्या उल्लेखांत सोने, चांदी आणि पैसा आहे. कापड, प्याला, मुंडके असे काही नाही. येशूच्या पवित्र प्याल्याची कथा 20व्या शतकात ओटो रान याच्यासारख्या लेखकांनी लोकप्रिय केली.

प्रतिसाद: उभा_आडवा

मी वस्त्रनिर्मितीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून तांत्रिक बाजूने लिहिते. फातिमी काळातील अशा कापडांत पोत साध्या लिननचा असतो आणि पट्ट्याच्या जागी रंगीत रेशमाचे बाणे नक्षीपुरते मागेपुढे फिरवून आकृती भरतात. आपल्या पैठणीच्या पदरावर मोर किंवा आसावली ज्या रीतीने भरली जाते त्याच कुळातले हे तंत्र आहे. मजकूर आधी ठरवून, मोजून मगच विणावा लागतो. तो नंतर भरतकामाने जोडलेला नाही. त्यामुळे "मूळ कापड 1ल्या शतकातले आणि अरबी काठ नंतरचा" ही पळवाट इथे चालत नाही. अशी कापडे राजाच्या कारखान्यात विणली जात आणि मानाची वस्त्रे म्हणून दरबारातून दिली जात. खलिफाचे नाव काठावर असणे हे नाण्यावर नाव असण्याइतकेच सत्तेचे चिन्ह होते.

मला समजत नाही ते एवढेच की आठशे वर्षांत कोणालाच ही अक्षरे आहेत हे कसे दिसले नाही?

प्रतिसाद: धागाकर्ता

दिसली असतील, पण अक्षरे म्हणून नव्हे. कुफी लिपी कोनदार आणि उभट असल्यामुळे वाचता न येणाऱ्याला ती वेलबुट्टीसारखी दिसते. शिवाय पूर्वेकडचे अगम्य लिखाण ही तेव्हाच्या युरोपात संशयाची गोष्ट नव्हती; पवित्र भूमीतून आलेल्या वस्तूवर ते शोभूनच दिसे. जेंतिले दा फाब्रियानो या इटालियन चित्रकाराने 1423 च्या आपल्या प्रसिद्ध वेदीचित्रात मेरीच्या प्रभावळीत अरबी वळणाची अक्षरे काढली आहेत. ती पाहून कोणी पाखंडाचा आरोप केला नाही. 1644 च्या चौकशीतही बिशपसमोर प्रश्न परंपरेचा आणि चमत्कारांचा होता. काठावर काय लिहिले आहे हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही.

प्रतिसाद: माझगावकर

या धाग्याचा दुसरा धागा थेट आमच्या मुंबईत येतो, म्हणून लिहितो. निझारच्या पक्षातील इस्माइली म्हणजे आगाखानी खोजा आणि मुस्तअलीच्या पक्षातील शाखा म्हणजे बोहरा. मुस्तअलीचा मुलगा अल-आमिर 1130 मध्ये निझारींच्या हातून मारला गेला, त्याच्या तय्यिब या मुलाला इमाम मानणाऱ्यांची परंपरा येमेनमध्ये टिकली, आणि 16व्या शतकात तिचे प्रमुख, म्हणजे दाई, गुजरातेत आले. आज दाऊदी बोहऱ्यांचे केंद्र मुंबईत आहे आणि भेंडीबाजारातील रौदत ताहेरा ही 51 व्या दाईंची समाधी अनेकांनी पाहिली असेल; तिच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे. पहिल्या आगाखानांची कबर माझगावला आहे. कैरोतील त्या भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच शहरात, थोड्याच अंतरावर नांदत आहेत.

1866 साली मुंबई उच्च न्यायालयात खोजांचा जो खटला चालला, त्यात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांना निकाल देण्यासाठी इस्माइली पंथाचा इतिहास उलगडावा लागला होता. कादुएंच्या भाविकांना आपल्या कापडावर कोणाचे नाव आहे याची कल्पना नसताना मुंबईच्या कोर्टात त्या घराण्याच्या वारसाहक्काचा ऊहापोह चालला होता.

एक विनंती: बोहरा आणि खोजा बांधव हा धागा वाचत असतील, तेव्हा "पाखंडी" हे कोणाच्या दृष्टीने, ते दर वेळी लिहावे. धागाकर्त्याने ते पाळले आहे, पुढील प्रतिसादांतही पाळले जावे.

प्रतिसाद: रोखठोक

सगळे वाचले. माझ्या मते साधूंनी शुद्ध फसवणूक केली आणि उघडी पडली म्हणून दुकान बंद केले. एवढ्या विद्वत्तेची गरज नाही. तुरिनचेही तेच आहे.

प्रतिसाद: धागाकर्ता

इतके सरळ मला दिसत नाही. आख्यायिकेतील अँटिओक आणि 1098 हे तपशील आता पुन्हा पाहा. 1098 च्या सुरुवातीला अल-अफदलचे वकील अँटिओकच्या वेढ्यात धर्मयोद्ध्यांच्या छावणीत तहाची बोलणी करायला आले होते, आणि अशा भेटीत दरबारी वस्त्रे दिली जाणे स्वाभाविक होते. त्याच अल-अफदलची छावणी 12 ऑगस्ट 1099 रोजी अस्कलानच्या लढाईनंतर लुटली गेली. प्रोव्हान्समधील आप्त या गावात संत अ‍ॅनाचे वस्त्र म्हणून जपलेले कापडही अल-मुस्तअली आणि अल-अफदल यांच्याच नावाचे आहे, आणि आप्तचा बिशप पहिल्या धर्मयुद्धात गेला होता. एकाच खलिफाची दोन वस्त्रे दक्षिण फ्रान्समध्ये एकाच युद्धाच्या आठवणीसह सापडतात, तेव्हा "आमच्या माणसाने हे पूर्वेहून आणले" हा कथेचा भाग खरा असण्याचीच शक्यता जास्त. वस्त्र मिळाले तेव्हा ते जवळजवळ नवे होते! ते ख्रिस्ताचे कफन कोणत्या टप्प्यावर झाले, आणि ते करणाऱ्याला खरे ठाऊक होते का, हे वेगळे प्रश्न आहेत.

तुरिनबाबत कागदपत्रे फार निराळी आहेत. तिथे 1389 साली त्र्वाचा बिशप पिएर दार्सी स्वतःच लिहितो की, आपल्या आधीच्या बिशपने चौकशी केली आणि ते रंगवल्याचे चित्रकाराने कबूल केले. 1988 च्या कार्बन चाचणीने 1260 ते 1390 हा काळ दिला. टेंपलरांशी जोडलेला संबंध मुख्यतः नावाच्या साम्यावर उभा आहे: 1314 मध्ये जाळला गेलेला टेंपलर जोफ्रुआ द शार्ने आणि 1356 मध्ये प्वातिएच्या लढाईत पडलेला, ते वस्त्र लिरे गावी ठेवणारा जोफ्रुआ द शार्नी. या दोघांचे नाते सिद्ध करणारा कागद कोणी पुढे आणलेला नाही. त्यावर स्वतंत्र धागे आहेत, इथे एवढे पुरे.

प्रतिसाद: बखरवाचक

अवशेष आणि पाखंड यांची खरी गाठ पाहायची असेल तर इटलीत जावे लागते. फेरारा शहरात आर्मान्नो पुंजिलुपो हा माणूस 1269 साली वारला, तिथल्या कॅथीड्रलमध्ये पुरला गेला आणि त्याच्या थडग्यापाशी चमत्कार होऊ लागले. कॅथीड्रलच्या पाद्र्यांनी त्या चमत्कारांच्या साक्षी नोंदवल्या आणि त्याला संत ठरवण्याची खटपट सुरू केली. दरम्यान इन्क्विझिशनने वेगळ्या साक्षी गोळा केल्या: हा माणूस कॅथारांमध्ये ऊठबस करीत होता आणि त्याने त्यांची दीक्षा घेतली होती. एकाच मृत माणसाच्या दोन चौकश्या, एक संतपदासाठी आणि एक पाखंडासाठी, तीसहून अधिक वर्षे चालल्या. अखेर 1301 मध्ये पोप आठव्या बोनिफासच्या काळात निकाल लागला, हाडे उकरून जाळली गेली आणि त्याची वेदी मोडली गेली.

प्रतिसाद: धागाकर्ता

फेराराचे उदाहरण अचूक आहे. त्याच्या जोडीला मिलानची गुलिएल्मा घ्यावी. ती 1281 च्या सुमारास वारली आणि क्यारावाल्ले येथील मठात पुरली गेली. हा मठही सिस्टर्शियनच. तिथले साधू तिच्या स्मृतिदिनी प्रवचने देत, यात्रेकरूंना जेवण घालत. तिच्या भक्तांतील एक गट मात्र तिला पवित्र आत्म्याचा अवतार मानू लागला आणि माइफ्रेदा नावाची जोगीण पोप होईल अशी वाट पाहू लागला. 1300 साली माइफ्रेदाला जाळले आणि गुलिएल्माची हाडेही उकरून जाळली. कादुएंच्या साधूंचे संघबंधूच ही समाधी सांभाळत होते, आणि त्यांच्या अंगणात पाखंड वाढत आहे हे बराच काळ त्यांच्या ध्यानात आले नाही.

प्रतिसाद: उभा_आडवा

आप्तच्या कापडावर साल विणलेले आहे का? तसे असेल तर कादुएंच्या पट्ट्यांची शैली त्याच्याशी ताडून पाहता येईल. आणि दोन्ही कापडे आज पाहता येतात का?

प्रतिसाद: धागाकर्ता

आप्तच्या लेखात दमिएत्ता हे विणल्याचे ठिकाण आणि हिजरी 489 किंवा 490 हे साल आहे, म्हणजे इसवी सन 1096-97; एककाच्या आकड्याच्या वाचनाबद्दल मतभेद आहे. ते कापड तिथल्या जुन्या कॅथीड्रलच्या खजिन्यात असून संत अ‍ॅनाची भक्ती तिथे अजून चालू आहे. कादुएंचे वस्त्र मठातच, आता फातिमी कापड म्हणून मांडलेले आहे. मठाचे चर्च 1998 पासून सांतियागोच्या यात्रामार्गांसह युनेस्कोच्या यादीत आहे. तुम्ही गेलात तर पट्ट्यांचे जवळून निरीक्षण करून विणीबद्दल इथे जरूर लिहा.